काचेच्या कपाटातला गाम्बुस

मित्रांनो, मी गाम्बुस, मांडीवर घेऊन छेडायचं तंतुवाद्य. जोहोर या मलय राज्यातल्या एका खेड्याच्या सभागृहात, काचेच्या कपाटात राहतो. माझी प्रकृती उत्तम आहे असं सगळे म्हणतात, कारण काचेआडून माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

सर्बिनी सुताराने मला फणसाच्या अखंड ओंडक्यातून कोरलं, तोंडावर बकरीचं कातडं ताणलं आणि मस्निनच्या हाती दिलं. मस्निनला आता सगळं गाव ‘तोक’, म्हणजे आजोबा, म्हणतं. तेव्हा ते तरुण होते, आणि लग्नात झापिनचा नाच आमच्याशिवाय होत नसे. नाचणारे ओळीने बसत. आधी मी एकटा वाजत असे. याला तक्सिम म्हणतात. ते संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. एवढा मान आमच्या आमदारालाही मिळत नाही. दमट हवेत माझं कातडं सैल पडे. मग तोक मला चुलीजवळ शेकत. त्याला तेव्हा कुणी छळ म्हटलं नाही.

मग वारसा समिती निघाली. अध्यक्ष बख्तियारसाहेबांनी भाषण करून मला तोककडून घेऊन कपाटात ठेवलं आणि थंड हवेचं यंत्र लावलं. माझं कातडं वाळत गेलं. शाळेची मुलं येत, काचेला नाक लावून विचारत, ‘‘हा वाजतो का?’’ उत्तर यायचं, ‘‘हात नको लावूस!’’

यंदा तोकच्या नातीचं, सुरयानीचं, लग्न ठरलं. ती साहेबांकडे गेली. ‘‘काका, आमचे तोक अजून वाजवू शकतात. माझ्या लग्नात एकदा ऐकू द्या ना.’’

‘‘मंचावर ठेवू की! फुलांमध्ये. आवाज ध्वनिमुद्रणातून.’’

तसंच झालं. मी फुलांत, आवाज कर्ण्यात. पण साहेबांनी ध्वनिमुद्रणातलं तक्सिम कापलेलं होतं. लोक कंटाळतात म्हणे. एकदम ढोल सुरू झाले. नाचणारे बसलेलेच! उठायचं कशावर?

‘‘अरे उठा की! पाय झोपले का?’’ साहेब ओरडले.

‘‘तक्सिम कुठंय?’’ ओळीतला पहिला म्हणाला. ‘‘त्याच्याआधी उठलो तर म्हातारा घरी येऊन शिव्या देईल.’’

‘‘घरी कशाला, इथंच देतो,’’ म्हणत तोक मंचावर आले. मला फुलांतून काढून थेट भाताच्या चुलीकडे नेलं.

‘‘तोक! तो वारसा आहे!’’

‘‘वारसा असू दे, पण फुलांच्या ओलाव्यानं सर्दी झालीय त्याला. तू जरा लाकडं सार.’’

मग मी वाजलो, मित्रांनो. पहिले काही सूर खरखरले, नंतर घसा मोकळा झाला. सुरयानी आधी रडली आणि मग काजळ पसरलं म्हणून चिडली. तक्सिमचा शेवटचा सूर लागला, नाचणारे उठले, आणि त्याच क्षणी माझं वाळकं कातडं टरकन फाटलं.

साहेब बोटांनी फाटलेल्या कडा जुळवू लागले. तोक म्हणाले, ‘‘कातडंच ना? शुक्रवारी बकरी कापतोय. नवं चढवतो.’’

समितीने परवानगी नाकारली. जुनं कातडं अस्सल आहे, ते बदलता येणार नाही. फाटलेल्या अवस्थेत मी परत कपाटात आलो. शेजारी नवा दिवासुद्धा लावलाय, भोक नीट दिसावं म्हणून.

तोकनी नवं कातडं कमावून घरी ताणून ठेवलंय. दर शुक्रवारी नमाजानंतर ते इथे येतात, बोटं चालतात का हे काचेवर वाजवून पाहतात. अजून चालतात. मित्रांनो, तुमच्या गावातही एखादं वाद्य असंच जपून ठेवलं असेल, तर पाया पडतो, कुलूप काढा. वाजवणारा माणूस आहे तोवर.