उत्तरेच्या खिडकीसमोरचा समुद्र

मी एक समुद्र बोलतोय. तसा मी नुसता कागद. जाड, खरबरीत, पाणी पिणारा. पण ऑस्ट्रेलियातल्या वालारूच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी क्लेम रॉडाने मला समुद्र केलं आणि तेव्हापासून मी स्वतःला समुद्रच समजत आलो. आज माझ्यासमोर उभे राहिलात तर तुम्ही डोळे बारीक कराल आणि विचाराल, यात नक्की काय काढलं होतं? राग नाही येत मला. पुष्कळांनी विचारलंय.

क्लेम वालारूच्या लांब धक्क्यावर गव्हाची पोती जहाजात चढवायचा. चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिली आणि चाळीस वर्षं गव्हाची धूळ छातीत भरली. तो फार कमी बोलायचा. बोलण्याचं काम त्याची बायको थर्झा दोघांच्या वतीने करायची. त्याला एकच नाद होता, चित्रांचा. शनिवारी दुपारी जलरंगांची पेटी, पेस्टलच्या खडूंचा डबा आणि सफरचंदाचं रिकामं खोकं बसायला घेऊन तो किनाऱ्यावर जायचा. रविवारी मात्र नाही. रविवारी प्रार्थनामंदिर, आणि देवाच्या दिवशी हाताला रंग लागलेला थर्झाला चालत नसे.

माझी संध्याकाळ एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीतली. क्लेमने मला आधी टबात भिजवलं, फळीवर ताणून चारी कडांना चिकटपट्टी लावली आणि वाळवलं. किनाऱ्यावर पोचल्यावर स्पंजने पुन्हा ओलं केलं. कागद ओला असला की रंगाला पाय फुटतात. तो आपला आपण चालतो, चित्रकाराने फक्त फळी कलती धरायची. पाण्यासाठी निळा, ओहोटीत उघड्या पडलेल्या शेवाळासाठी काळपट हिरवा, आणि आकाशाला गुलाबी. तसा गुलाबी मी पुन्हा पाहिला नाही. तो आकाशातून खाली सरकला आणि पाण्यात पसरला. मग मी वाळल्यावर क्लेमने पेस्टलचा मऊ गुलाबी खडू आडवा धरून माझ्यावरून अलगद ओढला. माझ्या खरबरीत अंगाच्या नुसत्या उंचवट्यांवर भुकटी बसली, आणि पाणी चमकायला लागलं.

थर्झा तेव्हा गुडघाभर पाण्यात खेकडे पकडत होती. झगा कमरेला खोचलेला, हातात खेकडे ओढायचं लांब दाताळं. ती बादली घेऊन वर आली आणि त्याच्या खांद्यावरून बघायला लागली.

"हे काय, मला काढलं नाहीस?"

"काढलंय की."

"कुठे? हा ठिपका? एवढी बारीक मी लग्नातसुद्धा नव्हते!"

क्लेमने ब्रश पुसला. बराच वेळ पुसला. "लग्नाआधी आपण पहिल्यांदा धक्क्यावर फिरायला गेलो होतो, ती संध्याकाळ आहे ही," तो म्हणाला. "तेव्हा काही बोलता आलं नव्हतं मला."

थर्झा काही बोलली नाही. त्यांच्या संसारात हे असं उलटं एकदाच घडलं असेल.

शेजारची व्हेल्मा मला बघायला आली तेव्हा म्हणाली, "क्लेम, यावर केसांना मारायचा स्प्रे मार. आमच्या चित्रकलेच्या वर्गात सगळ्या बायका मारतात. भुकटी हलत नाही."

"मारला की खडूचा चेहरा पडतो," क्लेम म्हणाला.

"मग माझे केस रोज उदास का दिसतात ते कळलं."

स्प्रे त्याने मारला नाही. पण एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. रंगांच्या नळ्यांवर बारीक तारे छापलेले असतात. जितके तारे जास्त, तितका रंग उन्हाला टिकतो. माझ्या गुलाबीच्या नळीवर एकच तारा होता. म्हणून त्याने मला पातळ कागदात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवलं. सांगायला वेळ आहे असं त्याला वाटलं असेल. मे महिन्यात त्याच्या छातीने दगा दिला आणि तो गेला.

दफन आवरलं, पाहुणे गेले. थर्झाने मला खणातून काढलं आणि मला म्हणाली, "तुला अंधारात कोंडून ठेवणार नाही मी." जवळच्या कदीना गावातल्या फ्रेमवाल्याकडून तिने मला लाकडी फ्रेम करून आणली. भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची रुंद पट्टी, वर काच. मग कुठे लावायचं हे ठरवायला तिने क्लेमचं चित्रकलेचं पुस्तक उघडलं. ते इंग्लंडहून त्याच्या मावशीने पाठवलेलं होतं. त्यात ठसठशीत लिहिलं होतं की चित्राला उत्तरेच्या खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला.

परसात क्लेम चित्रं काढायचा त्या शेडमध्ये थर्झाने कधी पाऊल टाकलं नव्हतं, नाहीतर तिला दिसलं असतं की त्याने स्वतःची खिडकी दक्षिणेला पाडून घेतली होती. इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून तिथे उत्तरेची खिडकी थंड आणि शांत. आमच्या ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून फिरतो. उत्तरेची खिडकी म्हणजे दिवसभर ऊन.

तिने पुस्तकावर विश्वास ठेवला, कारण ते क्लेमचं पुस्तक होतं. मला बैठकीच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीच्या अगदी समोर लावलं. रोज सकाळी ती पडदा बाजूला करून दोरीने बांधायची आणि म्हणायची, "घे, ऊन घे." मग चहाचा कप घेऊन समोर बसायची.

अठरा वर्षं मी ऊन घेतलं.

पहिली काही वर्षं मला काहीच कळलं नाही. रंग जातो तेव्हा दुखत नाही. फक्त एक दिवस मला जाणवलं की खिडकीबाहेर संध्याकाळ होते तेव्हा ती माझ्यासारखी दिसत नाही. मी ओरडलो असतो, पण चित्राला तोंड नसतं. जे काही सांगायचं ते रंगाने सांगायचं, आणि माझा रंगच जात होता.

थर्झालाही काहीतरी जाणवत होतं. पण तिचं वयही वाढत होतं, डोळ्यांवर मोतीबिंदू उतरत होता. ती चष्मा पुसायची, जवळ यायची, पुन्हा मागे जायची. म्हणायची, "डोळे चालले माझे. क्लेमचा गुलाबी दिसेनासा झालाय बघ."

दर नाताळाला तिची मुलगी कोरली अ‍ॅडलेडहून यायची. कोरली शाळेत शिक्षिका, आणि तिचे डोळे चांगले. एका नाताळाला ती माझ्यासमोर येऊन थबकली. हातातल्या पेस्टीचा, म्हणजे मांसाच्या करंजीचा, घास तसाच राहिला. तिला दिसलं होतं. तेव्हा माझ्यात निम्मा गुलाबी शिल्लक होता. निम्मा!

"कोरली, तुला तो गुलाबी दिसतो का गं नीट?" थर्झाने स्वयंपाकघरातून विचारलं.

कोरलीने घास गिळला. "दिसतो की, आई. छान दिसतो."

"म्हणजे माझेच डोळे."

"वयाप्रमाणे होतं, आई."

मला तेव्हा वाटलं, बरं झालं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. आपण अजून छान आहोत हे ऐकायला कुणाला आवडत नाही? पुढच्या नाताळाला तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. एकदा सांगितलेलं खोटं दर वर्षी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वर्षी ते थोडं जड होतं.

थर्झा एकोणऐंशी वर्षांची झाली तेव्हा तिने जाहीर केलं, "मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणार."

व्हेल्मा म्हणाली, "या वयात? काय बघायचं राहिलंय तुझं? मला बघतेस ते पुरे नाही?"

"तुला बघून बघूनच डोळे गेले. मला क्लेमचा गुलाबी बघायचाय. मरायच्या आत एकदा नीट बघायचाय."

नाताळाला आलेल्या कोरलीचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तिने ऑपरेशन टाळायचा खूप प्रयत्न केला. धोका असतो म्हणाली, पुढच्या वर्षी करू म्हणाली. खरं तेवढं सांगितलं नाही. थर्झा ऐकणारी नव्हती.

ऑपरेशनसाठी थर्झा अ‍ॅडलेडच्या इस्पितळात दाखल झाली आणि दुसऱ्याच दिवशी कोरली एकटी गाडी चालवत घरी आली. तिने मला भिंतीवरून काढलं, टेबलावर पालथं घालून खिळे उपटले, काच बाजूला केली. पुठ्ठ्याची पट्टी उचलली आणि तिच्या तोंडून "अगं आई" एवढंच निघालं. पट्टीखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. माझ्या चारी कडांना बोटभर रुंदीची संध्याकाळ जशीच्या तशी होती. तिच्याशेजारी माझं मधलं अंग म्हणजे धुतलेल्या चादरीसारखं.

तिने शेडमधून बापाचा खडूंचा डबा आणला. गुलाबी खडू उचलला आणि माझ्या आकाशावर धरला.

लाव, मी मनात म्हणत होतो. लाव गं. मलाही ते खोटं हवं होतं.

कोरलीने खडू खाली ठेवला. "बाबांचा हात नाही हा," ती म्हणाली, आणि ओट्याला टेकून रडली. मग तिने मला होतं तसं बंद करून पुन्हा लावलं.

चार दिवसांनी थर्झा घरी आली. फाटकापाशीच तिने व्हेल्माला बघितलं आणि थांबली. "व्हेल्मा! तुला मिशा आहेत!"

"परत जा आणि ऑपरेशन उलटं करून घे."

थर्झा हसत हसत घरात शिरली. बैठकीच्या खोलीत आल्यावर तिने डोळे मिटून घेतले, खुर्चीला धरून माझ्यासमोर आली आणि मग उघडले.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणावरची लाल फुलं तिला दिसत होती, दूरचा धक्का दिसत होता. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"डोळे तर आले," ती म्हणाली. "मग हा कुठे गेला?"

कोरली दारात उभी होती. "ऊन, आई. ते पुस्तक इंग्लंडचं आहे. तिकडे उत्तरेला ऊन नसतं."

थर्झा हळूहळू खुर्चीत बसली. "मी टोमॅटो उत्तरेच्या भिंतीशी लावते," ती म्हणाली. "जन्मभर लावतेय. का, तर ऊन भरपूर. आणि ह्याला..." मग तिने मान वर केली. "तुला कधीपासून दिसत होतं?"

कोरली दाराची कडी चाचपत राहिली.

"कोरली."

"आठ वर्षं."

"किती होता तेव्हा?"

"निम्मा."

"तेव्हा पडदा ओढला असता तर निम्मा राहिला असता."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला आंधळी समजू दिलंस," थर्झा म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी देवाला माझे डोळे मागत होते. जे गेलं होतं ते मागितलंच नाही."

त्या दुपारी दोघींनी मिळून माझी काच आणि पुठ्ठ्याची पट्टी काढली. थर्झाने माझ्या उरलेल्या गुलाबी कडेवर, हात न लावता, बोट धरलं. एका बोटाखाली सगळा गुलाबी मावत होता.

कोरली त्या आठवड्यात परत गेली नाही. दोघी एकमेकींशी फारशा बोलत नव्हत्या. मग एके सकाळी थर्झाने शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस इथे. बघ आणि लक्षात ठेव. इथे वर फिका होता. इथे, या शेवाळाच्या वर, सगळ्यात गडद. आणि मी उभी होते तिथे तो माझ्या पायांभोवती होता."

"तू कुठे आहेस यात?"

"हा ठिपका. तेव्हा बारीक होते मी."

रोज, आणि पुढे प्रत्येक भेटीत, थोडे थोडे तिने माझे रंग कोरलीला सांगितले. ती बोट न्यायची तिथे तिथे मला माझा रंग आठवायचा. शेवटी शेवटी तिच्या सांगण्यात चुका होऊ लागल्या. एकदा तिने आकाश केशरी सांगितलं. कोरली लगेच म्हणाली, "नाही आई, गुलाबी," आणि थर्झाने तिच्या हातावर हात ठेवला. ते मी पाहिलं.

थर्झाला जाऊन तीन वर्षं झाली. मी आता अ‍ॅडलेडमध्ये कोरलीच्या घराच्या आतल्या बोळात आहे. इथे खिडकीच नाही. पुठ्ठ्याची पट्टी तिने काढून टाकलीय, त्यामुळे कडेने संध्याकाळ दिसते आणि मधे बहुतेक काहीच नाही. पाहुणे विचारतात, हे अर्धवट चित्र का लावलंय? ती कुणाला सांगते, कुणाला नाही.

तुम्हाला एकच विनवणी आहे. कुणाच्या घरी भिंतीवर काही फिकं पडताना दिसलं तर सांगा. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. निम्मं उरलेलं असतं तोवर सांगा.

काल कोरली शाळेतून आली, दिवा लावला आणि माझ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. माझ्या पाण्याकडे बघत होती. मग रिकाम्या घरात ती मोठ्याने म्हणाली, "निळाही जातोय."

ऐकायला कुणी नव्हतं. मी ऐकलं.