तहानेचा शब्द

“म्हणूनच, प्रिय बंधुभगिनींनो, मानवाच्या या अनादि तृष्णेचा...” इथवर शमुवेलची गाडी बरी आली आणि इथेच तिचं चाक रुतलं. पुढचं वाक्य पाठ होतं, पण जीभ टाळूला चिकटून बसली. आवंढा गिळायला पाहिलं, तर घशात गिळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हाताशी पाण्याचा पेला होता. त्याने पेल्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

देऊळ गच्च भरलं होतं. गुड फ्रायडेची दुपार. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडून निघालेले सात शब्द या दिवशी सात जणांनी एकामागून एक उलगडून सांगायचे, ही इथली रीत. बेळगावच्या या जुन्या मंडळीत ते सात जण ठरल्यासारखेच असत. हेडमास्तर, डॉक्टर, वकील, कुणी बँकेतला. शमुवेलचा बाप या देवळाची घंटा ओढता ओढता म्हातारा झाला. त्याने सातही शब्द आयुष्यभर दारात उभं राहून ऐकले. त्याच्या पोराला, उद्यमबागेतल्या कारखान्यात लोखंड ओतणाऱ्या शमुवेलला, यंदा पाळकसाहेबांनी पाचवा शब्द दिला होता, ‘मला तहान लागली आहे.’ तहानेचा.

आणि तो उभा होता. नुसताच उभा.

बायकांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. बाहेर चिंचेवर कावळा ओरडला, तो साऱ्या देवळाला ऐकू आला. शेवटी पहिल्या बाकावरचे हेडमास्तर उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “बस तू. मी सांभाळतो.” आणि त्यांनी सांभाळलंही. असं सांभाळलं, की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. शमुवेल मान खाली घालून जागेवर आला आणि उरलेली दुपार स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, सुवार्ताने, लिंबाचं सरबत पुढे केलं.

“नको.”

“उपास सुटला की आता. सकाळधरनं थेंब न्हाई पोटात.”

“नको म्हनलं न्हवं?”

सारी खोट त्या उपासात होती. निर्जळी उपास ही त्याचीच कल्पना. तहानेवर बोलायचं तर तहान सोसून बोलावं. कोरड्या तोंडातून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडेल. सुवार्ताने आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं, “चैताचं ऊन हाय, दोन घोट घ्या. आन् घरात बोलताय तसं बोला की. ते तृष्णा-बिष्णा तुमच्या तोंडात बसंना झालंय.” त्यावर तो उखडला होता. “घरात बोलतो तसं देवळात बोलू? घंटावाल्याचं पोर ते घंटावाल्याचंच, असं म्हनूदेत व्हय लोकांनी?”

आता ती न राहवून म्हणाली, “पेला तर पुढ्यातच हुता.”

“तहानेचा शब्द सांगाय गेलेला मानूस घटाघटा पानी पिनार? अक्कल हाय का गं?”

सरबत सुवार्ताने स्वतःच पिऊन टाकलं.

झोपताना त्याने गुडघे टेकले, पण प्रार्थना कसली, भांडणच केलं. तुझाच शब्द सांगाय गेलतो न्हवं? मग मलाच का उघडा पाडलास? वर पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

शनिवारी तो रेंगाळतच कामावर निघाला. तिथे भरमा भेटणार होता. कंग्राळीचा भरमा आणि तो वर्षानुवर्षं एकाच लाडलच्या दोन बाजूंना. लाडल म्हणजे वितळलेलं लोखंड भरलेलं भांडं; लांब दांड्यात धरून दोघांनी न्यायचं आणि साच्यात ओतायचं. एकाने पाऊल चुकवलं तर दुसरा भाजलाच. शमुवेलने मोठ्या तोऱ्यात त्याला कालच्या उपासनेला बोलावलं होतं, “ये रं, माझं भाषण हाय.” आणि भरमा इस्त्रीचा शर्ट घालून खरंच आला होता. शेवटच्या बाकावर बसून त्याने सगळं पाहिलं होतं.

कारखान्याच्या फाटकातच साचे बनवणारा नागोजी आडवा आला. “काय पाद्रीसाहेब, काल मौनव्रत हुतं म्हनं?”

“नागोजी, तुझं साचं वाळल्यात का बघ जा,” मागून भरमा म्हणाला.

“गावभर सांगितलास व्हय रं?” शमुवेल त्याच्यावर घसरला.

“कसं झालं म्हनून इचारला. गप बसला म्हनून सांगितलो. खोटं सांगू?”

दुपारपर्यंत दोघांत शब्द नव्हता. दांडा मात्र सवयीने बरोबर चालत होता. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली डबे उघडले, तेव्हा भरमानेच तोंड उघडलं.

“मला एक समजलं न्हाई. ते मास्तर लई झ्याक बोललं, निम्मं डोक्यावरनं गेलं. तुमच्या देवानं पानी मागितलं कुनाकडं?”

“कुनाकडं म्हंजे? खाली उभारलेल्यांकडं.”

“खिळं मारल्यालं तेच?”

“तेच. शिपाई.”

“आयला.” भरमाचा हात भाकरीवर थांबला. “मारेकऱ्याकडं? आन् दिलं त्यांनी?”

“आंब दिली. आंबलेला द्राक्षारस. बोळा भिजवून काठीनं तोंडाला लावला.”

“आन् घेतला त्यानं?”

“व्हय. घेतला.”

भरमा घास चावत राहिला. मग म्हणाला, “मोठा हाय बाबा. मी मेलो असतो, पन असल्यांकडं मागितलो नसतो.” आणि थोड्या वेळाने, “तू रं? पेला पुढ्यात, समदी तुझीच मानसं. त्याचा शब्द सांगाय गेलतास, आन् त्यानं केलं तेवढं सोडून समदं केलास.”

“आता तू मला बायबल शिकीव,” म्हणत शमुवेल अर्धा डबा झाकून उठला.

पण भट्टीतली ठिणगी बुटात जावी तसं ते बोलणं आत जाऊन बसलं. काढता येईना, चालता येईना. ‘एकदा माझ्यापुढं म्हणून बघतोस का?’ असं पाळकसाहेबांनी विचारलं होतं. त्याने म्हटलं होतं, गरज न्हाई. हेडमास्तरांनी कागद हातात ठेव म्हटलं होतं. तो खिशातच राहिला, कारण हेडमास्तर स्वतः कागद धरत नाहीत. पेल्याला हात लावला नाही, कारण लोकांनी बघायला हवं होतं, केवढा हा माणूस, केवढी याची सोसणी. त्याला पाण्याची तहान नव्हतीच. पहिल्या बाकावरच्या माना डोलायला हव्या होत्या. मरताना देव माणसांकडे हात पसरतो, आणि त्याच देवाची गोष्ट सांगायला हा कुणापुढे न वाकता उभा.

समजलं, पण त्याने बरं काही वाटलं नाही. उलट चीड आली. एवढं समजायला एवढ्या लोकांत तोंडघशी पडायलाच पायजे हुतं व्हय?

संध्याकाळी सुवार्ता पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत गाणाऱ्या बायकांत तिची पहिल्या रांगेत जागा. त्यासाठी ती दरवर्षी त्याच्या आधी घर सोडायची. तो उंबऱ्यात उभा राहून साडीच्या घड्या बघत राहिला.

“मी उद्या येत न्हाई,” तो म्हणाला.

“बरं.”

“समदी तोंडाकडं बघतील.”

“बघतील की.”

तिने इस्त्री फिरवली. त्याने उगाच खिडकी लावली, पुन्हा उघडली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “सुवार्ता, एकट्याला आत जायला व्हनार न्हाई मला. संगं येशील?”

लग्नापासून त्याने तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. “गान्यात मग मला उभं न्हाई राहता यायचं,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, ठाऊक असावं म्हणून.

“व्हय,” तो म्हणाला. “म्हाईत हाय.”

पहाटे दोघं पोहोचली तेव्हा गाणं सुरू झालं होतं. पुढे पांढऱ्या साड्यांच्या रांगेत एका बाईएवढी जागा मोकळी होती. काही माना वळल्या. हेडमास्तरांचीही वळली आणि समजून पुन्हा सरळ झाली. शमुवेलचे कान तापले. बायकांची बाजू सोडून सुवार्ता त्याच्याबरोबर पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या बाकावर बसली.

गाणं संपलं. पाळकसाहेबांनी हात उंच केले. “प्रभू उठला आहे.”

“खरोखर उठला आहे,” सगळं देऊळ म्हणालं, आणि त्यात शमुवेलही. त्याचा आवाज घोगरा, बसका निघाला आणि निघताच बाकीच्यांत मिसळला. त्याचा कुठला, पुढच्या म्हातारीचा कुठला, त्याचं त्यालाही वेगळं काढता आलं नाही. सुवार्ता समोर बघत होती. तिने नुसतं थोडं सरकून बाकावर त्याला जागा करून दिली.