पावणेतीन इंचांचं पातं

“मोजून बघ,” हॉलिस बील म्हणाला आणि त्याने सुरी माझ्या टेबलावर, परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली.

“वाचनालयात हत्यार आणतोस होय रे?”

“हत्यार कसलं? हात आहे तो माझा. डावा.”

त्याने अंगठ्याने बटन दाबलं. खट् करून पातं बाहेर आलं. मी लाकडी पट्टी लावली. पावणेतीन इंच भरलं.

हॉलिसचा डावा हात कोपराच्या वरूनच नव्हता. सदतीस वर्षं झाली होती त्याला. आमच्या गावात नवीन येणारं माणूस सोडलं तर कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही. तो शेवंडाचे, म्हणजे लॉबस्टर धरायचे, सापळे दुरुस्त करायचा, त्यांची जाळी विणायची म्हणजे एक टोक गुडघ्यात धरायचं आणि एक दातांत. मिटायची सुरीही तो दातांनीच उघडायचा, त्यात पुढचा एक दात अर्धा गेला होता. बटनाची सुरी आमच्या मेन राज्यात कुणालाच चालत नव्हती. दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला. ज्याला एकच हात आहे त्याने तीन इंचांपर्यंतचं पातं बाळगायला हरकत नाही, असं ठरलं. हॉलिसने त्याच आठवड्यात ही सुरी मागवली. दोर, पाव, औषधाच्या गोळीची पाकिटं, ताटातलं मांस, सगळं तो हिनेच कापायचा.

“पण आता मोजायची कशाला?” मी विचारलं.

“शुक्रवारी मॅसॅच्युसेट्सला चाललोय. तिकडे चालते का, बघून सांग. तुझं यंत्र सगळं सांगतं म्हणे.”

“मॅसॅच्युसेट्सला? तू?”

“लीलँड आजारी आहे,” तो म्हणाला. “फुप्फुसाचं. त्याच्या पोरीचा, मार्सीचा, फोन आला होता.”

 लीलँड त्याचा धाकटा भाऊ, शाळेत माझ्या वर्गात होता. दोघांची मिळून एक होडी होती. शहात्तर सालच्या ऑक्टोबरात सापळे वर ओढताना दोराचा फास हॉलिसच्या हाताला बसला. दोर ओढणारा रहाट लीलँडच्या ताब्यात होता. तो एकवीस वर्षांचा, भेदरून गेला. रहाट थांबवायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या वसंतात लीलँड गाव सोडून गेला. तिकडे एका शाळेत देखभालीचं काम करत राहिला. आईच्या मातीला आला तेव्हाही कुंपणाजवळ उभा राहून निघून गेला. हॉलिसने त्याला कधी शब्दाने दुखवलं नाही. पण बोलावलंही नाही, हेही खरं.

मी संगणकावर शोधायला बसले. अर्ध्या तासात मला देशाचा कायदा सापडला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की एकच हात असलेल्या माणसाने तीन इंचांपर्यंतची बटनाची सुरी अंगावर घेऊन प्रवास केला तर गुन्हा नाही. मला कोण आनंद झाला!

“हा बघ! देशाचाच कायदा आहे. मग राज्यांचं काय चालतंय त्याच्यापुढे?”

“नक्की ना, लोइस?”

“अरे, छापून देते तुला. कुणी अडवलं तर दाखव.”

त्याने कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. बत्तीस वर्षं मी त्या टेबलामागे बसून लोकांना उत्तरं दिली. एवढ्या ठामपणे क्वचितच दिली असतील.

पुढच्या गुरुवारी वाचनालयात मार्सीचा फोन आला. लीलँडची मुलगी. तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

“हॉलिसकाका फोन उचलत नाहीत हो. शुक्रवारी येतो म्हणाले होते, आलेच नाहीत. बाबा दाराकडे बघून असतात. काल म्हणाले, बरोबरच आहे त्याचं, त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.”

मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि तडक त्याच्या कामाच्या छपरीत गेले. हॉलिस सापळ्यावर वाकला होता. दातांनी जुनी सुरी उघडत होता. मला बघून त्याने ती तोंडातून काढली.

“सुरी कुठाय तुझी?”

“सरकारजमा.”

मग तुकड्या तुकड्याने त्याने सांगितलं. मॅसॅच्युसेट्समध्ये शिरल्यावर दहा मैलांवर पोलिसाने अडवलं, मागचा दिवा लागत नव्हता. गाडीचे कागद काढायला हॉलिसने खिसा रिकामा केला. सुरी शेजारच्या सीटवर ठेवली.

“त्यानं विचारलं, ही कशी उघडते? मी दाखवली उघडून. लपवायचं काय त्यात? तुझा कागदही दिला. वाचला त्यानं सबंध. म्हणाला, आजोबा, हा वॉशिंग्टनचा कागद. इथं आमचा चालतो.”

“मग?”

“मग बेड्या काढल्या. एक कडी घातली मनगटात. दुसरी कशात घालावी ते पोराला कळेना. उभाच राहिला धरून. शेवटी माझ्याच पट्ट्यात अडकवली.” तो किंचित हसला. “पोरगं वाईट नव्हतं गं. लाजलं होतं बिचारं.”

संध्याकाळी त्याला जामिनावर सोडलं. लीलँडचा दवाखाना तिथून वीस मिनिटांवर होता.

“मग गेला का नाहीस?”

हॉलिसने सापळा बाजूला सारला.

“काय सांगू त्याला? पोलिसांनी धरलं. का? तर सुरीपायी. सुरी कशाला? तर हात नाही म्हणून. म्हणजे फिरून तिथंच. मरायला टेकलाय तो, लोइस. त्याच्या डोक्यावर आणखी ही एक गोष्ट कुठं ठेवू?”

“चूक माझी होती,” मी म्हणाले. ओळखीच्या वकिलाला मी तोवर विचारलंही नव्हतं. त्या दुपारी, छपरीतून परतल्यावर, विचारलं. त्याने मला जे समजावलं ते शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. देशाचा कायदा आपल्या जागी, पण प्रत्येक राज्याचा आपला वेगळा. मेनमध्ये एका हाताच्या माणसाला ती सुरी चालते. मधल्या न्यू हॅम्पशरमध्ये कुणालाही चालते, तिथे तीन वर्षांपूर्वी सगळी बंदीच उठवलेली. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दीड इंचावरचं बटनाचं पातं कुणालाच चालत नाही, हात एक असो की दोन. पाच तासांचा सलग रस्ता. खिशातली वस्तू तीच, माणूस तोच, आणि कुठल्या पाटीपाशी तो गुन्हेगार होतो हे मी त्याला सांगायला हवं होतं.

“तू कागद वाचलास तरी,” हॉलिस म्हणाला. “मी तर नुसता खिशात ठेवला.”

“उद्या मी नेते तुला.”

“तुझं वाचनालय?”

“राहील बंद.”

खटल्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. वकिलाने पत्र लिहिलं, डिसेंबरात प्रकरण मिटलं. सुरी परत मिळाली नाही.

लीलँडला मी ओळखलंच नाही. उशीवर नुसतं नाक आणि डोळे राहिले होते, नाकात नळी. मार्सी उठून बाजूला झाली. हॉलिस दारातून आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबला.

“जाडा झालास,” लीलँड म्हणाला.

“तू नाही झालास.”

 मी खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळाने लीलँडने विचारलं, “मागच्या शुक्रवारी येणार होतास ना?”

“गाडी बंद पडली.”

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरं सांगावं, निदान माझ्या वाटणीचं. हॉलिसने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी ओठ मिटले.

दुपारचं जेवण आलं. कोंबडीचा मोठा तुकडा, उकडलेला बटाटा, वाटाणे. लीलँडने ताट ढकललं. “मला जात नाही. तू खा. सकाळपासून रस्त्यावर आहेस.”

हॉलिस खुर्ची ओढून बसला. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि परत आला. त्याने काट्याची कड दाबून कोंबडी तोडून पाहिली. तुकडा घसरला, वाटाणे चादरीवर सांडले. मार्सी पुढे झाली तशी मी तिचा दंड धरला. एकदा चर्चच्या जेवणात मी न विचारता हॉलिसच्या ताटातलं मांस कापून दिलं होतं. तो ताट तसंच ठेवून उठून गेला होता आणि महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता.

“दे इकडे,” लीलँड म्हणाला.

“राहू दे रे.”

“दे म्हणतो ना.”

त्याने ताट मांडीवर घेतलं. दवाखान्याची सुरी प्लास्टिकची, धार नावाला.  एक तुकडा कापायचा, थांबून श्वास घ्यायचा, मग दुसरा. लहान मुलाला भरवायला करतात तेवढे बारीक तुकडे केले त्याने. दहा मिनिटं तरी लागली असतील. खोलीत नळीतल्या हवेचा तेवढा आवाज होता. हॉलिस त्याच्या हातांकडे बघत बसला होता.

“तुझ्या खिशात सुरी होती त्या दिवशी,” लीलँड मान वर न करता म्हणाला. “मला तिथं हात घालून दोर कापायचं सुचलं नाही.”

“मलाही कुठं सुचलं? माझाच खिसा होता.”

“मी रहाटाचा दांडा उलटा ओढला, हॉलिस. आधी उलटा ओढला.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तुला?”

“तिथंच होतो की मी.”

लीलँडने सुरी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊन ते नळीच्या कडेने कानाकडे ओघळत गेलं. हॉलिसने ताट घेतलं आणि खायला लागला. कोंबडी केव्हाच गार झाली होती. त्याने एकेक तुकडा खाल्ला, शेवटच्यापर्यंत, आणि मग ताट पुसावं तसा बटाटा फिरवून तोही खाल्ला.

“बरी होती का?” लीलँडने विचारलं.

“अगदीच बेचव.”

लीलँड हसायला गेला, त्याला खोकला आला. हॉलिसने उठून त्याच्या पाठीखाली हात घातला आणि खोकला थांबेपर्यंत धरून ठेवला.

परतताना न्यू हॅम्पशरची पाटी आली, गेली, मग मेनची आली. हॉलिस झोपलाय असं मला वाटत होतं. “सदतीस वर्षं,” तो मध्येच म्हणाला. “पाच तासांचा तर रस्ता.” 

सहाव्या दिवशी लीलँड गेला. मार्सीने त्याला गावी आणलं, आईशेजारी जागा होती. माती नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी झाली. जमीन वरून कडक झाली होती आणि खाडीवरून वारा सुटला होता. शवपेटी उचलायला सहाजण लागतात. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने पाच नावं लिहिली आणि हॉलिसकडे वळून हळूच म्हणाला, “तुम्ही मुलीबरोबर मागून चाला. भावाचा मान तोच.”

“कुठल्या बाजूला माणूस कमी आहे?” हॉलिसने विचारलं.

“डाव्या. पण...”

“मग बरोबर. उजवा हात आतल्या अंगाला येतो.”

 तो पुढच्या कडीपाशी जाऊन उभा राहिला. गाडीपासून खड्ड्यापर्यंत चढ होता. अर्ध्या वाटेवर बाकीच्या पाचांनी दुसरा हातही कडीला लावला. हॉलिसच्या कोटाची रिकामी बाही वाऱ्याने उडून त्याच्याच तोंडावर येत होती. त्याने मान बाजूला केली नाही. पेटी आमच्या समोरून गेली तेव्हा ती पुढे, हॉलिसच्या बाजूला, जराही कललेली नव्हती.