शुद्धीवर येण्याआधी

“त्याचं रडणं आधी थांबव,” डॉक्टरीणबाई दार लोटून घेत म्हणाल्या. “आईच्या कानावर जायला नको.”

सिस्टरने बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं. ते लगेच गप्प झालं. पलीकडच्या खोलीत त्याची आई अजून भुलीत होती. नुकतंच कॉलेज संपलेली, लग्न न झालेली पोरगी. तिला घेऊन आलेला मामा खाली गाडीत बसून होता.

“मूल जगलं नाही असं तिला सांगा, असं मामाचं म्हणणं आहे,” बाई म्हणाल्या. “मी हो म्हटलंय. आता हे कुणाकडे तरी जाणारच. मग तुझ्याकडे का नको?”

आपण नीट ऐकलं नाही असं सिस्टरला वाटलं.

“तुझ्यावर किती उपचार केले मी. काही झालं का? कागदांचं मी बघते. मागच्या दाराने घरी जा.”

सिस्टरचा नवरा शिंपी होता. दुकानात इतरांच्या लेकरांची झबली शिवायचा आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दिवसभर लोकांची बाळं न्हाऊ-माखू घालणाऱ्या तिने जावेच्या मुलाला उचललं, की जाऊ काहीतरी निमित्त काढून त्याला परत घ्यायची. हे सगळं बाईंना माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, तपासणीच्या टेबलावर पडून, छताकडे बघत.

“तूच ना बाळंतिणींना सांगतेस, मागणाऱ्याला देव रिकाम्या हाताने पाठवत नाही?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “मग दिलं की त्याने. आता त्यालाच नाही म्हणतेस?”

बाळ तोंडाने चाचपत होतं. गणवेशाचा सुती काठ त्याच्या लाळेने ओला झाला. आपले पाय मागच्या दाराकडे कधी वळले, ते सिस्टरचं तिलाच कळलं नाही. तिने कडीला हात घातला. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं. बाईंनी तेवढीही व्यवस्था करून ठेवलेली दिसत होती.

दुसऱ्याचं जे आहे त्याची हाव धरू नकोस. वडिलांनी लहानपणी देवाची ही आज्ञा तिच्याकडून घोकून घेतली होती. तेव्हा तिला ती शेजारच्या झाडावरच्या फळांबद्दल आहे असं वाटायचं. आत्ता तिचे ओठ ते शब्द पुटपुटले आणि हात कडीवरून खाली आला.

“बाई, देव देतो ना, तेव्हा दुसरीच्या कुशीतून ओढून देत नाही.”

“बरं.” बाई जराही रागावल्या नाहीत. “दुपारपाळीची नर्स येईलच. ती मला एवढं बोलायला लावायची नाही.”

सिस्टर बाळाला घेऊन पलीकडच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. पोरीचे डोळे अर्धवट उघडले होते.

“रडलं का ते?” पोरीने विचारलं.

“रडलं तर. चांगलं खणखणीत.” सिस्टरने बाळ तिच्या छातीवर ठेवलं. “मामा सोडून तुझं कोण आहे?”

“ताई आहे. पण मामा म्हणाला, तिला कळता कामा नये.”

“नंबर सांग.”

फोनवर ताईला सगळं सांगून होतं न होतं तोच दाराची मूठ फिरली. बाहेरून बाई म्हणाल्या, “दार उघड.” मग मामाच्या जड बुटांचा आवाज जिन्यावरून वर आला आणि दारापाशी थांबला. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटत होती. सिस्टर स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसली. फळीवर मधूनमधून कुणीतरी नखाने टकटक करत होतं. ती ते देवाचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाळ समोरच दूध पीत होतं आणि तिची इच्छा काही मेली नव्हती.

थोरली बहीण नवऱ्याला घेऊनच आली. तिचा आवाज जिन्यात ऐकू आला तसे जड बूट खाली उतरून गेले. दार उघडलं तेव्हा बाई हात धूत होत्या.

“उद्यापासून येऊ नकोस,” त्या मागे न बघताच म्हणाल्या.

पोरीला दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. मेहुणा टॅक्सी घेऊन आला. जिना उतरताना थोरलीने विचारलं, “सिस्टर, तुम्हाला मुलं किती?”

“नाहीत.”

खाली थोरलीने टॅक्सीचं दार उघडलं. “जरा बाळाला घेता? मी हिला नीट बसवते.”

सिस्टरने बाळ घेतलं. पोरीला बसवायला वेळ लागला. टाके दुखत होते, पाठीशी उशी हवी होती. मग थोरलीने आतून हात पुढे केले आणि सिस्टरने बाळ तिच्या हातात दिलं. पोरीच्या शालीचं टोक दाराबाहेर लोंबत होतं. ते तिने उचलून आत सारलं, कुणाचं बोट मध्ये नाही ना ते पाहिलं आणि बाहेरून दार लावलं.