आठी

"कोनी मारलं गं तुला, भारती?"

पिकोला साडी टाकायला आलेल्या मालनबाईंच्या हातातून पिशवीच सुटली. भारतीच्या दोन भुवयांच्या मधोमध निळंजांभळं झालं होतं आणि ते उतरत उतरत डोळ्यांखाली आलं होतं.

"मारायला घरात कोन हाय, मावशी? कपाटाचं दार लागलं," भारती हसत म्हणाली. म्हणाली गमतीने, पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते लागलं. नवरा गेल्यापासून शेवगावच्या त्या दोन खोल्यांत आवाज करणारं एक पिको मशीनच काय ते उरलं होतं.

झालं होतं ते सगळं एका आठीपायी. जन्मभर डोळे बारीक करून सुईत दोरा ओवला, त्याची ही कपाळावरची उभी आठी. रागाचा तिच्यात मागमूस नव्हता. गिऱ्हाइकं मात्र दबकून असत, साडी देताना "घाई न्हाई हं" म्हणत, आणि यात भारतीचा फायदाच होता. पण दिवाळीला पुण्याहून लेक रेश्मा आली आणि नात चिमी काही केल्या मांडीवर येईना. "आजी रागावलीये," म्हणत तिने आईच्या ओढणीत तोंड लपवलं. सगळे हसले. भारतीही हसली, आणि ती माणसं गेल्यावर आरशापुढे बसून बोटांनी कपाळ ताणत राहिली.

इंजेक्शनाने आठी जाते, नगरला देतात, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं. रविवारी चिमी पुन्हा यायची होती. भारती कुणाला न सांगता एस.टी.त बसली. पन्नाशी उलटलेल्या विधवा बाईने तोंडाला इंजेक्शनं घेतली हे गावाला कळलं असतं, तर वर्षभराची करमणूक झाली असती.

डॉक्टरीणबाई बोलायला गोड होत्या. "कसलं औषध चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे बाटलीतलं, नाहीतर पिकावर फवारायचं. हृदयाची झडप बदलल्यापासून ती रक्त पातळ करायची गोळी घेत होती, पण ती रोजची, चहासारखी. तिला औषध कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी सुई टोचलेलं कपाळ निळं पडलं. तिने घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला, गोळीचंही सांगितलं.

"अहो, मग काल का नाही सांगितलंत?"

"तुमी औषधाचं इचारलं, बाई. मी तर गोळी घेती."

"चुकलंच माझं. नीट खोदून विचारायला हवं होतं. उद्या येऊन दाखवून जा."

"गोळी बंद केली तर रविवारपस्तोर जाईल का हे?"

"मुळीच बंद करायची नाही! तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका, जिवावर बेतेल. निळं काय, पंधरवड्यात आपोआप जाईल."

त्यानंतर भारती गोळी हातात घेऊन बसली. नाही घेतली तर कुणाला कळणार होतं? आणि घे म्हणणारं तरी कोण होतं? शेवटी तिने ती पाण्याबरोबर गिळली आणि रेश्माला फोन केला.

"ह्या रविवारी येऊ नको गं. नळाला पानी न्हाई, पोरीचे लई हाल व्हतील."

"बरं," रेश्मा म्हणाली. त्या 'बरं'मधली सुटका भारतीला ऐकू आली.

रविवारी रेश्माचा व्हिडिओ कॉल आला. भारतीने फोन मशीनवर उताणा ठेवून दिला. पलीकडे फक्त छताचा पंखा दिसत होता.

"आजी, तू दिसतच नाहीयेस."

"हितंच हाय मी. तू बोल की."

आणि चिमी बोलू लागली. मैत्रिणीचा पडलेला दात, बाईंची नवी गाडी, शाळेतलं अख्खं गाणं. "आजी, तुझ्या पंख्याला चक्कर नाही का येत?" तिने विचारलं, तेव्हा भारती तोंडावर पदर धरून हसली. पोरगी आजवर तिच्याशी इतकं कधीच बोलली नव्हती.

पंधरवड्यात निळं गेलं. आठीही गेली. कपाळ कसं कोरं करकरीत झालं. त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा भारतीने आरशात पाहिलं, पदर सारखा केला, आणि फोन पुन्हा उताणाच ठेवला.