पातेल्याखालचा बोल्ट

टण्.

ओट्यावर उपड्या ठेवलेल्या पातेल्यातून आवाज आला. तिने नळ बंद केला, हात पुसले, घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. मगच पातेलं उचललं.

बोल्टचं डोकं तुटून बाजूला पडलं होतं. दांडा पोलादी ठोकळ्यात तसाच घट्ट होता. मोडलेल्या जागी साखरेसारखे बारीक, चकाकते दाणे दिसत होते.

मंगळवारी कारखान्यात तिनेच तो आवळून ठेवला होता. तपासणी खोलीत ठेवला असता तर चार जणांनी विचारलं असतं, म्हणून पिशवीतून घरी आणला. पादचारी पुलासाठी दोन हजार बोल्ट तयार होते. पोलाद चांगलं, पाणी नीट दिलेलं, कठीणपणा हवा तेवढा. ओढून पाहिले तेव्हाही एकही मोडला नाही. उद्या सकाळी तिची सही झाली की माल निघणार.

खटकली ती भट्टीच्या वहीतली एक ओळ. मुलामा चढवताना असं कडक पोलाद हायड्रोजन पिऊन बसतं. चार तासांच्या आत शेकायला घातलं नाही, तर तो आतून पोखरतो आणि आवळलेला बोल्ट काही दिवसांनी अचानक मोडतो. या मालाचा मुलामा दुपारी एकला उरकला होता आणि भट्टीत माल घातल्याची वेळ लिहिली होती चार. अक्षर नवऱ्याचं. आणि चार वाजता तो तिच्याशेजारी दवाखान्यात उभा होता, तापाने फणफणलेली लेक खांद्यावर घेऊन. परत गेला तेव्हा दिवे लागले होते.

तिने त्याला काहीच विचारलं नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत टिकला तर सही करायची, एवढं स्वतःशी ठरवलं होतं.

त्यानेही विचारलं नव्हतं. भट्टीवर नऊ वर्षं काढलेल्या माणसाला ठोकळा काय सांगायचा? तो फक्त ओटा पुसताना पातेल्याभोवतीनं फडकं फिरवायचा. गुरुवारी एकदाच म्हणाला होता,

"आहे का अजून?"

"आहे."

"बघ. माझ्या हातचा आहे तो, असा तसा नाही मोडायचा."

आता तो दारात उभा होता, वाळलेले कपडे छातीशी धरून. सगळ्यात वर लेकीचा पिवळा फ्रॉक.

"गेला?"

तिने मान हलवली.

"परत शेकतो सगळा माल. आज जातो."

"आता शेकून काय? आत तडे गेले असतील."

तो खुर्चीवर बसला. फ्रॉकची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"साहेब वेळ खोटी लिहिलेली चालवून घेणार नाही," तो म्हणाला. "चुकलेली एक वेळ चालवून घेईल."

"माहितीये."

"तू फोन केलास तेव्हा म्हटलं, तासाभरात येतो परत."

"मीच म्हणाले, थांब जरा. एकटीला भीती वाटत होती."

"ते नको लिहूस."

तिने फ्रिजवरची वही घेतली. मंगळवारी टाकलेल्या तारखेपुढे लिहिलं: रविवार, तीन वाजून दहा मिनिटं, मोडला. पेन थांबलं. पुढचा रकाना कारणाचा होता.

आतल्या खोलीतून लेक उठून आली. एका गालावर उशीची घडी उमटलेली, केस उभे. तिने ओट्यावरचं तुटकं डोकं पाहिलं आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

"मी नाही हात लावला!"

"नाही गं, राणी. कुणी म्हटलं तुला?"

"मी झोपले होते. शप्पथ."

"हो रे बाळा, झोपली होतीस."

तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं. सवयीने तळहात कपाळाला गेला. कपाळ गार होतं. नवरा त्या तळहाताकडे बघत राहिला.

लेकीने वाकून बोल्टचं डोकं बोटाने जरासं ढकललं. बापाकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आई, कुणी मोडला?"