सव्वाकाकांची सही

घरात एखादी फाइल आली की माणसांचे आवाज आपोआप खाली येतात. सव्वाकाकांच्या घरात गेले नऊ दिवस हेच चाललं होतं. जेवणाच्या टेबलावर मधोमध निळी फाइल, तिच्यातून जिभा काढणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर 'इथे सही', आणि ताटं जरा कडेला सरकवून जेवणारी तीन माणसं. फाइल उघडायची कोणाला इच्छा नव्हती आणि उचलून कपाटात ठेवायची कोणाची छाती नव्हती.

फाइल होती लेकीच्या शिक्षणाच्या कर्जाची. तिला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. सांडपाणी स्वच्छ करण्याचं शास्त्र, दोन वर्षांचा अभ्यास. फी, राहणं, खाणं, विमान सगळं धरून आकडा एवढा झाला होता की काका तो तोंडाने उच्चारत नसत, नुसता हात हवेत फिरवत. तारण म्हणून राहतं घर. अभ्यास संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होणार होते, आणि एकेक हप्ता काकांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. सव्वीस वर्षं एकाच कंपनीत. सव्वाकाका हे नाव त्यांना कामावरच पडलं. नवी लिफ्ट सुरू करण्याआधी तिच्यात लोखंडी वजनं भरून बघतात. दहा माणसांची लिफ्ट असेल तर साडेबारा माणसांचं वजन, म्हणजे सव्वापट. तेवढ्या भाराला ब्रेक टिकला तरच सही. काकांच्या हे इतकं अंगात मुरलं होतं की बसला अर्धा तास लागत असेल तर ते चाळीस मिनिटं आधी निघत, पाहुणे चार येणार असतील तर पाचांचं जेवण करायला सांगत. बायको म्हणायची, "लग्नही सव्वापट तपासूनच केलंत का?" त्यावर काका म्हणत, "तिथेच तेवढी चूक झाली."

आणि असा हा माणूस, ज्याने आयुष्यात चमचाभर मीठसुद्धा अंदाजाने टाकलं नाही, त्याने ती निळी फाइल एकदाही पूर्ण वाचली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्यांना हसायच्या आधी आपण आपापल्या घरातली कागदपत्रं आठवून बघूया.

वाचली का नाही? भीती वाटत होती म्हणून. प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी काकांनी आनंदाच्या भरात अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं होतं. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट तर म्हणाला होता, "वा, आता तुम्ही विमानातच बसणार!" आता फाइल वाचली आणि आत काही नको ते निघालं, तर या सगळ्यांना काय सांगायचं? आणि लेकीला काय सांगायचं?

"अहो," त्या सकाळी बायको म्हणाली, "एकदा शांतपणे बसून बघायचं का सगळं?"

"आज सह्या आहेत आणि आज बघायचं? चांगल्या कामात खोडा घालू नकोस."

लेक समोरच बसली होती. तिने पोळीचा तुकडा मोडला, ताटात ठेवला आणि उठून गेली. काकांना वाटलं, तिला आईचं बोलणं लागलं. माणसाला आपल्या सोयीचंच दिसतं.

चार वाजता परदेशी प्रवेश आणि कर्ज जुळवून देणाऱ्या सल्लागाराच्या ऑफिसात जायचं होतं. तोवर काकांना एका रुग्णालयाच्या लिफ्टची महिन्याची तपासणी करायची होती. सात मजली इमारत, एकच मोठी लिफ्ट, तिच्यातूनच स्ट्रेचर वर-खाली व्हायची. तपासणीचा कागद ठरलेला, बारा चौकोन. सहा चौकोन खाली राहून भरता येतात. उरलेल्या सहांसाठी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढावं लागतं, मोटर, दोर, ब्रेक हाताने बघावे लागतात.

काकांनी खालचे सहा भरले आणि सल्लागाराचा फोन आला. "काका, बँकेचे साहेब लवकर निघतायत. अडीचला येता का? नाहीतर मग पुढचा आठवडा, आणि तेव्हा व्याजाचा दर हाच राहील याची खात्री नाही."

अडीचला वीस मिनिटं होती. काकांनी वरच्या जिन्याकडे पाहिलं. मग कागद भिंतीला टेकवला, उरलेल्या सहा चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. कागद स्वागतकक्षात देताना त्यांचे कान गरम झाले, पण तिथल्या बाईंनी मान वर न करताच तो फाइलला लावला.

सल्लागाराचं ऑफिस तिथून दोन चौक पुढे. भिंतीवर काळ्या टोप्या हवेत उडवणाऱ्या मुलामुलींचे फोटो. लेकीलाही फोन गेला होता, ती आधीच येऊन बसली होती, मांडीवर एक वही धरून. सल्लागार टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याने फाइल उघडली आणि पेन पुढे केलं. "तेवीस सह्या आहेत, काका. वाचत बसू नका, सगळं छापील असतं. सगळेच करतात."

पहिली चिठ्ठी. इथे सही. काकांनी पेन टेकवलं आणि त्यांचा हात थांबला.

तोच हात, तीच घाई. न बघता मारलेल्या सहा खुणा त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. रुग्णालयाची ती लिफ्ट आत्ता या क्षणी कोणाला तरी घेऊन वर चालली असेल. काकांच्या पोटात असा गोळा आला की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

"बाबा, काय झालं?"

"मी ब्रेक बघितला नाही," काका म्हणाले आणि उठले. सल्लागार "अहो, साहेब आत थांबलेत" म्हणत राहिला. काका रस्त्यावर होते.

त्यांनी पळत पळत फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. स्वागतकक्षाची लाइन कोणाच्या तरी चौकशीत अडकलेली. मागून लेक धावत होती, काखेत वही. एकोणसाठ वर्षांच्या माणसाने दोन चौक पळायचं म्हणजे चेष्टा नाही. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि मनात एकच हिशोब चालू होता, स्ट्रेचर, त्यावरचा पेशंट, ढकलणारे दोघं, नातेवाईक.

दारात पोचले तेव्हा लिफ्टवरचा दिवा पाचव्या मजल्याचा आकडा दाखवत होता. मग चार. मग तीन. काका बटण दाबून उभे राहिले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन. एक. केबिन खाली आली, पण जमिनीच्या रेषेपाशी थांबायच्या ऐवजी वीतभर खाली घसरली आणि मग थांबली. दार उघडलं. आत चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी होती आणि तिची सून. सून वैतागून म्हणाली, "ही लिफ्ट काल-परवापासून अशीच करतेय हो, खड्ड्यात पडल्यासारखं होतं."

काकांनी स्वतःच्या हाताने खुर्ची उचलून बाहेर काढली. मग लिफ्टचा मुख्य खटका पाडला, दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि सात मजले चढून गच्चीवर गेले. मशीन रूममध्ये त्यांनी ब्रेक उघडला. ब्रेकला आतून जाड अस्तर असतं, लायनर म्हणतात त्याला. ते झिजून कागदाएवढं उरलं होतं.

काका तिथेच तेलकट फरशीवर बसले. लेक दारात उभी होती. काम समोर असताना बापाला असं खाली बसलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

काकांनी गोदामात फोन केला आणि नवे लायनर घेऊन वस्ताद आले. हे काकांचे गुरू. निवृत्त झाले तरी कंपनीच्या गोदामात सुट्या भागांच्या खिडकीत बसायचे, कारण घरी बसलं की सून त्यांना भाजी निवडायला लावते असं ते म्हणत. जिने चढून त्यांना धाप लागली होती, पण झिजलेलं अस्तर हातात घेतल्यावर धापेचं भान राहिलं नाही.

"सव्वा, हे तू पास केलंस?"

"हो."

"का रे?"

काकांनी सांगितलं. फोन, अडीचची वेळ, तेवीस सह्या, खालच्या म्हातारीच्या सुनेचं बोलणं, सगळं. वस्तादांनी ऐकून घेतलं. मग शिवी द्यायच्या ऐवजी त्यांनी पाना हातात घेतला आणि जुनं अस्तर काढायला लागले.

"आणि तो दुसरा कागद तपासलास का? पोरीचा?"

"तो सगळेच करतात, वस्ताद. लेकराचं स्वप्न आहे. त्यात काय तपासायचं?"

"स्वप्न म्हणजे वर जायचंय तो मजला. मी मजल्याबद्दल विचारत नाही, दोराबद्दल विचारतोय." वस्तादांनी बोल्ट फरशीवर ठेवला. "तुझ्या घराच्या केबिनमध्ये माणसं किती? तू, तुझी बायको, ही. दोर कोणता? शिकून झाल्याझाल्या हिला नोकरी लागेल, हा. एकच दोर. आणि लागली नाही तर ब्रेक काय आहे तुझ्याकडे? तू पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मग ब्रेक म्हणजे राहतं घर. खाली आपटल्यावर लागणाऱ्या गोष्टीला कोणी ब्रेक म्हणतं का?"

"म्हणजे गरिबाच्या पोरांनी परदेशात जाऊच नये?" काकांचा आवाज चढला.

"मी कधी म्हणालो? उंच इमारती बांधायच्या नाहीत असं म्हणालो असतो तर आपण दोघं उपाशी मेलो असतो. जाऊ दे की तिला. पण नवव्या मजल्यावर जाणाऱ्या लिफ्टची चाचणी तळमजल्यावरच घ्यायची असते. तू मला सांग, या कर्जाची सव्वापट चाचणी घेतलीस?"

बोलली ती लेक.

"मी घेतलीय."

तिने वही उघडली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आकडे होते. "खर्च सव्वापट धरला. पगार पाऊणपट धरला. नोकरी लागायला एक वर्ष उशीर धरला. बाबा, चौथ्या हप्त्यालाच आपलं घर जातं. सल्लागारांच्या तक्त्यात फक्त सरासरी पगार आहे, आणि नोकरी न लागलेल्यांना त्यांनी सरासरीत धरलेलंच नाही. मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, निगेटिव्ह विचार करू नका."

"हे कधी केलंस तू?"

"फाइल आली त्या दिवशी."

"मग नऊ दिवस बोलली का नाहीस?"

लेकीने वही मिटली. "तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तुम्ही इतके खूश होतात. मला रोज वाटायचं, आज सांगू. मग तुमच्याकडे बघून वाटायचं, मीच भित्री आहे. मला तिथे जायचंय बाबा, खरंच जायचंय. पण तुमच्या घराचं ओझं डोक्यावर घेऊन माझा एक दिवसही अभ्यास व्हायचा नाही. मला फार भीती वाटते."

"मलाही," काका म्हणाले. एवढा एक शब्द तोंडातून निघायला नऊ दिवस लागले होते. "मलाही फार भीती वाटते गं. म्हणून तर मी ती वाचली नाही."

बघा मंडळी, एका घरात तीन माणसं, तिघंही घाबरलेली, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला त्रास नको म्हणून भीती लपवणारा. याला आपण प्रेम म्हणतो! याच प्रेमापोटी किती घरं न वाचलेल्या कागदांवर उभी आहेत, कोण मोजणार?

वस्ताद म्हणाले, "भीती वाटली की माणसं तिला गप्प बसवतात. अरे, त्या म्हातारीच्या सुनेनेही काल-परवाच झटका खाल्ला होता, पण कोणाला सांगितलं नाही. लिफ्ट घसरायला लागली की आधी पोटातच कळतं. पोटात कळलं की थांबायचं आणि वर जाऊन बघायचं. एवढंच शिकवलं होतं तुला."

संध्याकाळपर्यंत नवे लायनर बसले. गोदामातून टेम्पो भरून लोखंडी वजनं मागवली. काकांनी आणि लेकीने मिळून ती केबिनमध्ये रचली, सव्वापट. लिफ्ट सातव्या मजल्यावरून खाली सोडली, मधेच थांबवली. थांबली. पुन्हा. थांबली. रेषेवर, केसभरही इकडेतिकडे नाही. काकांनी स्वागतकक्षातून दुपारचा कागद परत मागितला, त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'न तपासता सही केली होती, चूक माझी.' मग नवा कागद भरला. कंपनीने त्यांना ताकीद दिली आणि ती त्यांनी मुकाट्याने घेतली.

घरी आल्यावर लेकीने फाइलमधल्या पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "मी बोलले तर खोडा," ती एवढंच म्हणाली, आणि तिघंही त्या दिवशी पोटभर जेवली.

लेकीने विद्यापीठाला पत्र लिहून जागा वर्षभर पुढे ढकलून घेतली. शहराच्या सांडपाणी केंद्रात तिने नोकरी धरली, फावल्या वेळात ती शिष्यवृत्तीचे अर्ज भरते. फी निम्मी माफ झाली तर जाणार, नाही झाली तर तोच विषय इथे शिकणार. रोज केंद्रातून आली की आंघोळ केल्याशिवाय आई तिला सोफ्यावर बसू देत नाही.

इमारतीत व्हायची ती चर्चा झालीच. विमा एजंटाने जिन्यात सर्वांदेखत विचारलं, "काय सव्वाकाका, विमान चुकलं वाटतं?"

काकांच्या पोटात पुन्हा तो गोळा आला. या वेळी त्यांनी तो दाबला नाही. "भार जास्त होता," ते स्पष्ट म्हणाले. "आम्ही घाबरलो आणि थांबलो."

जिन्यातले लोक हसले. एजंट मात्र हसला नाही. रविवारी सकाळी काकांच्या दारावर टकटक झाली. एजंट उभा होता, काखेत एक हिरवी फाइल. "मुलाची आहे," तो खाली बघत म्हणाला. "उद्या सह्या आहेत. जरा बघता का? घरात कोणाशी बोलता येत नाही."

"आधी त्याला बोलवा, आणि वहिनींनाही," काका म्हणाले. "तुम्ही एकटे बसणार असाल तर मी बघणार नाही."

चौघं मिळून दुपारपर्यंत बसले. सव्वापट, पाऊणपट, सगळं करून झालं. त्या मुलाला राहण्याचा खर्च विद्यापीठ देत होतं, घर तारण नव्हतं. काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे पेलतंय. पाठवा बिनधास्त." एजंटाची बायको रडायला लागली, किती महिन्यांची भीती होती कोण जाणे.

तर वाचकहो, परदेश वाईट नाही, कर्जही वाईट नाही, आणि भीती तर मुळीच वाईट नाही. वाईट आहे ती लाजेखातर गिळलेली भीती आणि घाईत केलेली सही. उद्या तुमच्या टेबलावर अशी फाइल येईल तेव्हा नुसती ताटं बाजूला सरकवू नका, फाइल उघडा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला कशाची भीती वाटते? आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.